पेरूला टांगलेला धवला

"अवो, कापू नका! गाठ सोडा, गाठ! कोयता खाली टाका आदी!"

मावशी पेरूच्या झाडाखाली उभी राहून ओरडत होती आणि तिचा आवाज कोंडाण्याच्या लेण्यांवर आपटून परत येत होता. परत येताना तो जरा मऊ होऊन येई, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मावशीचा आवाज मऊ करायचा तर तेवढा जुना कातळच लागतो. वर फांदीवर काका, म्हणजे तिचे यजमान, एका हातात फांदी आणि दुसऱ्या हातात कोयता धरून बसले होते, आणि त्यांच्या डोक्याभोवती दोऱ्यांना टांगलेल्या जुन्या सीड्या गरगरत होत्या. गाठी दवानं आवळल्यात, सुटत नाहीत, असं त्यांनी वरून कळवलं. मग दातानं सोडा, असं खालून उत्तर गेलं. काकांच्या तोंडात तेव्हा जेवढे दात होते तेवढ्यात एक चिंचही फुटली नसती, पण ते बिचारे खरोखरच गाठीला तोंड लावायला वाकले.

माघातली सकाळ. आमच्या कोंडाण्यात ऊन उशिरा येतं. राजमाचीच्या मागं बसून ते आधी चहा पितं, मग सावकाश उतरतं. त्या दिवशी उतरलं ते थेट त्या सीड्यांवर. प्रत्येक सीडीनं आपापला एक चांदवा वालाच्या शेतावर टाकला. शेंगांवरून, बांधावरून, मावशीच्या पदरावरून ते चांदवे सरकत होते. कडेला जांभळे, मधे पिवळे, आणि वारा पडला की जागच्या जागी श्वास घेणारे. मावशी ओरडत होती तरी मला काही ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, आपण शेतात नाही आहोत, कुणाच्या तरी झोपेत उभे आहोत, आणि ते माणूस कुशीवर वळलं की हे सगळं मिटणार.

आता शेतात सीड्या कशाला, हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. घरातला सीडी प्लेअर मेला की सीड्या रानात जातात. पेरूवर, काकडीच्या मांडवावर, भाताच्या कणसांवर दोरीनं टांगायच्या. चकाकी बघून पोपट बिचकतात. निदान पहिल्या वर्षी बिचकतात. दुसऱ्या वर्षी पोपट त्यात तोंड बघून भांग पाडतात आणि मग पेरू खातात. काकांच्या झाडावरचा एक म्हातारा पोपट तर सीडीसमोर बसून चोच घासायचा आणि समोरच्या पोपटाला आधी खाऊ द्यायचा, इतका सभ्य.

शिवाय काकांची एक रीत. नांगर असो, पंप असो, नवी दोरी असो, रानात काही कामाला लावायचं तर पहिलं कुंकू. सीड्या टांगल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकीला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावलं होतं. आणि लावलं ते चकचकीत बाजूला. तोंड तेच ना. पाठीला कुंकू कोण लावतं?

तर त्या झाडावर, त्या कुंकू लावलेल्या राखणदारांमधे कुठंतरी, आजी लटकत होती.

आजी म्हणजे मावशीची सासू. धवलारीण होती. आमच्याकडं लग्नात बायका धवले म्हणतात, आणि ते ज्या बाईला अथपासून इतिपर्यंत येतात ती धवलारीण. हळदीचा धवला म्हणजे मोठं आवतणच असतं: देवांना ये, डोंगराला ये, नदीला ये, घरातल्या मेलेल्या माणसांनाही ये. आजी कोंडाण्यात आवतण देऊ लागली की वर घाटात ठाकुरवाडीला मालगाडीचा डायवर हॉर्न द्यायचा विसरायचा. गाडीतला कोळसासुद्धा हळदीला उतरू का म्हणून विचारायचा म्हणतात. कोण म्हणतात, ते विचारू नका. मीच म्हणतो.

पण धवल्याला एक कायदा होता. मांडव नसताना तो म्हणायचा नाही आणि ऐकायचाही नाही. आवतण द्यायचं आणि पान वाढायचं नाही, हा पाहुण्यांचा अपमान. आणि पाहुणे म्हणजे देव आणि पितर. त्यांचा राग ग्रामपंचायतीत मिटत नाही.

या कायद्यामुळेच मावशी धवला शिकली नाही, असं तिचं म्हणणं. लग्नाशिवाय शिकायचा नाही, आणि लग्नात तर तिला हजार कामं. खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासू-सुनेचं एका चुलीवर कधी जमलं नाही. आजी म्हणायची, शिकून घे गं. मावशी म्हणायची, तुमी हाव की. हे इतकी वर्षं चाललं की शेवटी आजी राहिली नाही.

जायच्या आधी मात्र तिनं एक करून ठेवलं. तिचा जीव नातीवर, माझ्या मावसबहिणीवर. तुझ्या हळदीला धवला मीच म्हणणार, असा तिनं नातीला शब्द दिला होता. मग गुडघे बोलू लागले, धाप लागू लागली, आणि म्हातारीच्या लक्षात आलं की नात लग्नाला उशीर करणार आणि आपण नाही. तिनं खालापूरच्या एका स्टुडिओवाल्याला बोलावणं धाडलं. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बोलावलं, म्हणजे मांडवही खरा, लग्नही खरं, कायदाही खूश. तो अंगणात माइक लावून बसला आणि आजीनं धवले म्हटले. घरातली सगळी माणसं अंगणात होती. एकटी मावशी नव्हती. मी कुठं ऐकलाय तिचा धवला, ती पुढं कायम सांगायची, मला चुलीपाशी कामं होती. स्टुडिओवाल्यानं त्याची सीडी करून आणून दिली. ती कुणी वाजवली नाही. वाजवणार कशी? ती ट्रंकेत नातीच्या लग्नाची वाट बघत बसली.

आणि आता ते लग्न चार दिवसांवर आलं होतं.

इथं माझा मावसभाऊ येतो. नवरीचा मोठा भाऊ. कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर फोटो, आणि फोटोतही तो कुणाला तरी काम सांगतोय असा चेहरा. दिवाळीच्या साफसफाईत त्यानं ट्रंक उपसली, सीड्यांचा ढीग कामावर नेला, तिथल्या कॉम्प्युटरवर आजीची सीडी पेनड्राइव्हमधे उतरवून घेतली आणि सीड्या काकांच्या हवाली केल्या. कचरा झाला, लावा रानात. लग्नाच्या तोंडावर तो पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आला. कर्जतला तहसील कचेरीच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डीजेवाल्याला द्यायला एक कॉपी कर, म्हणाला.

"दादा, अख्खी आजी एका सेकंदात आली बघ पेनड्राइव्हमधे."

मी पेनड्राइव्ह उघडला. आत पाच फायली, आणि एकेक फाइल इतकी बारकी की मुंगीचं आधार कार्डही तिच्यापेक्षा जड निघावं.

मी एरवी कितीही थापा मारत असेन, पण हे खरं सांगतो. सीडी दिसायला सगळी सारखी गोल, पण पोटातून जात वेगळी. जिच्यात कागदपत्रं, फोटो किंवा एमपीथ्री गाणी भरलेली असतात तिच्यात खरोखरच्या फायली असतात. उचला, दुसरीकडे ठेवा, काम झालं. पण पूर्वीच्या सीडी प्लेअरवर वाजायची ती ऑडिओ सीडी, तिच्यात फाइल नावाचा प्रकारच नसतो. तिच्यात नुसतं गाणं असतं, आतून बाहेर गोल गोल गेलेलं, डोहात खडा टाकल्यावर तरंग जातात तसं. कॉम्प्युटर बिचारा आपल्या समजुतीसाठी प्रत्येक गाण्याच्या नावे एक पाटी लावून दाखवतो: हे पहिलं, हे दुसरं. मावसभावानं पाट्या उचलून आणल्या होत्या. घर तिथंच राहिलं.

"वाजवून बघितलंस का?" मी विचारलं.

"कसं वाजवणार? घरात लग्न कुठं होतं?"

त्याचं बरोबरच होतं. जगातल्या कुठल्याही माणसानं कॉपी केल्यावर एकदा वाजवून बघितलं असतं. आमचा माणूस देवांना उपाशी परत पाठवणार नव्हता.

मग ती दुसऱ्या दिवशीची सकाळ, तो पेरू, तो कोयता आणि ती मावशी. कापू नका याचं कारण, वरून सुटलेली सीडी दगडावर पडली की संपली. काकांनी शेवटी गाठी सोडल्या. काही दातांनी, काही शिव्यांनी. पाठीवर हातानं लिहिलेली नावं ऊन-दवानं उडाली होती, आजी कुठली ते कळेना, म्हणून जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या मावशीनं पदरात झेलल्या, परडीत भाताच्या पेंढ्यावर अंड्यांसारख्या ठेवल्या, आणि टेंपोत परडी मांडीवर घेऊन माझ्याबरोबर कर्जतला आली. वाटेत ती एकदाच बोलली.

"म्हातारीनं पोरीला शबुद दिलाय. तिचा शबुद माझ्या घरात पडायचा नाय."

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर हा कॉम्प्युटर नव्हे, तो आमच्या घराण्यातला ज्येष्ठ आहे. नव्या मशिनांना सीडीचं तोंडच नसतं, याला आहे. बटण दाबलं की जीभ बाहेर काढतो, वैद्यासमोर काढावी तशी. त्यानं आजवर काय काय वाचलंय विचारा! एमपीथ्री भजनांच्या सीड्या, पूर्वीच्या लग्नांच्या व्हीसीड्या, परीक्षेचे फॉर्म, घरच्या घरी लिहिलेल्या, पुसून पुन्हा लिहिलेल्या, लिहिताना अर्ध्यात सोडून दिलेल्या, तळहाताएवढ्या पिटुकल्या सीड्या, आणि हायवेवर कुणीतरी जाहिरातीला वाटलेली एक चौकोनी सीडी, जी आत फिरताना हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज करी. एकदा चुकून त्याच्या जिभेवर भाकरी ठेवली गेली तर त्यानं तीही फिरवून बघितली आणि पडद्यावर लिहिलं, ही डिस्क कोरी आहे.

पण कुंकू लावलेली सीडी त्यालाही जमेना. उजेडाच्या सुईनं तो पोटाकडून वाचतो, आणि पोटावर काकांचं तेलकट बोट. मी फडकं घेतलं तशी मावशीनं माझं मनगट धरलं.

"कुकू पुसतोस?"

मी म्हटलं, नाही पुसलं तर वाचता येणार नाही. ती म्हणाली, लग्नाच्या घरचं कुंकू पुसायचं नाही, मग ते सीडीचं का असेना. मी चांगला पेचात पडलो. दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं कागद हातात धरून थांबली आणि आपापली मतं देऊ लागली. शेवटी तोड मावशीनंच काढली. देवांचं कुंकू कुणी पुसतं का? देवांना आंघोळ घालतात, आणि पुन्हा कुंकू लावतात. तिनं माझ्या बायकोकडून पितळी ताम्हण मागवलं. चिंच पण मागवली, तेवढी मात्र मी हात जोडून परत पाठवली. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून तिनं एकेक सीडी ताम्हणात घेतली आणि करंगळीनं, मधून कडेकडे, हलक्या हातानं धुतली. बाळकृष्णाच्या पाठीवरून फिरवावी तशी करंगळी. मग पदरानं टिपून पाठीला, अक्षरांच्या बाजूला, कोरडं कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिली.

दुपार झाली. कचेरीची जेवणाची सुट्टी, रस्ता मुकाट. ताम्हणातलं पाणी हलायचं आणि त्याचा उजेड छतावर हलायचा. मी सीडी घालायचा, कॉम्प्युटर जीभ आत घ्यायचा, आतून घरघर यायची, आधी मोठी, मग झोप लागल्यासारखी एकसुरी. एकीतून कुणाचं तरी लग्न निघालं. त्यातला नवरदेव आता पेन्शन घेतो, पण तिथं तो लाजत होता आणि पडद्यावर चौकोन चौकोन होऊन विरघळत होता. एकीतून प्रिंटरचं सामान निघालं. एकीतून नुसती भजनं, इतकी की सगळी ऐकायला आणखी एक जन्म घ्यावा लागेल. मला गुंगी येत चालली. वाटलं, या सगळ्या सीड्या म्हणजे विहिरी आहेत, आणि मावशी एकेकीत वाकून हाक मारते आहे, आणि प्रत्येकीतून भलतीच माणसं ओ देत वर येताहेत.

मावसभाऊ संध्याकाळच्या पाळीला जायच्या आधी आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. मावशीनं त्याच्याकडं न बघता, आज कुणाची पाटी उचलून आणलीस, असं विचारलं. पण त्याच्या त्या पाट्यांचाच उपयोग झाला. पेनड्राइव्हमधे पाच होत्या. म्हणजे जिच्यात फक्त पाट्या दिसतील, आणि त्याही पाचच, ती आजी. सिनेमाच्या गाण्यांच्या दोन ऑडिओ सीड्या निघाल्या, पण त्यांच्या पाट्या पडद्यावर मावेनात.

परडीचा तळ दिसू लागला तेव्हा एक सीडी आली, पोट हिरवट. मी मनातल्या मनात हाय खाल्ली. कारखान्यात छापलेली सीडी रुपेरी असते, तिला ऊन काही करत नाही. पण स्टुडिओवाले वगैरे जी लिहितात तिच्या पोटात रंग असतो, लिहिलेलं त्या रंगातच असतं, आणि ऊन तो रंग पिऊन टाकतं. दिवाळीपासून माघापर्यंत पेरूवर. हिच्या कडेचा रंग उडून पार ताकासारखा झाला होता. मधे मात्र अजून हिरवं होतं. काकांना शेंड्यापर्यंत चढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी काही सीड्या आतल्या आत, दाट पानांत अडकवून दिल्या होत्या. ही त्यातलीच असणार. जन्मभर मावशी ज्या आळसाला नावं ठेवत आली, तो आळस त्या दिवशी पानांची छत्री धरून उभा राहिला होता.

कॉम्प्युटरनं सीडी आत घेतली. घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. खोकला. वाचतोय का मरतोय कळेना. मावशी त्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली, ताप बघावा तशी. मग पडद्यावर पाट्या आल्या. पाच.

मी पहिलीवर क्लिक केलं. खोलीत आधी तुळशीच्या लग्नाचं अंगण आलं: लांबचा फटाका, भांड्याचा आवाज, एक कुत्रं. मग कुणीतरी श्वास आत घेतला. एक लांब, म्हातारा, खरखरीत श्वास, आणि त्याच्या टोकाला सुराचा पहिला धागा.

"बंद कर," मावशी म्हणाली. "हितं नाय."

मी बंद केलं. दुकानात मांडव नव्हता. मग आवाज न करता ते गाणं मी खरोखरचं उतरवून घेतलं, पाटी नव्हे, घर. पहिलं सगळं आलं. पुढची चार कडेच्या त्या ताकात विरून गेली होती. कॉम्प्युटर तिथं पोचला की नुसता दात खायचा. पण हळदीचा धवला पहिलाच होता, तेव्हा मावशीनं बाकीच्यांचा हिशेब मागितला नाही. सीडीला तिनं पुन्हा कुंकू लावलं आणि चोळीच्या खणात गुंडाळून नेली.

हळदीच्या दिवशी कोंडाण्यात दिवेलागणीच्या आधीचा तो पिवळा वेळ होता. आंब्याच्या मोहोराचा वास मांडवात येऊन बसला होता, आहेराला आल्यासारखा. मावसभावानं स्वतः उठून डीजेवाल्याचे ढोल-ढमाके बंद करवले. इतका वेळ दणदणणारे ते काळे खोके एकदम गप्प झाले आणि त्यातून ते अंगण आलं, ते कुत्रं आलं, तो श्वास आला. आणि आजी उठली.

आता मी सांगतो ते कुणाला खोटं वाटलं तर वाटो. मांडवाचे बांबू जरा वर झाले. आजीनं देवांना बोलावलं तसा वारा आला. डोंगराला बोलावलं तशी राजमाचीची सावली वालाच्या शेतावरून पुढं सरकत मांडवाच्या दारापर्यंत आली आणि चपला काढायला थांबली. उल्हास नदीला बोलावलं तसं हंड्यातलं पाणी हललं. मेलेल्या माणसांना तिनं एकेकाला नावानं हाक मारली, आणि म्हाताऱ्या बायका सरकून सरकून बसू लागल्या, जागा करून देत. माझी मावसबहीण पाटावर डोळे मिटून बसली होती. तिच्या गालावर मावशीचा हळदीचा हात होता. वरच्या घाटात मालगाडी चढत होती. तिनं हॉर्न दिला नाही. यावेळी मी एकटाच नाही, साक्षीला अख्खा मांडव आहे.

आणि अगदी शेवटाकडं, सगळे पाहुणे आता बसणार एवढ्यात, सूर थांबला. खोक्यातून आजीचा नुसता बोलायचा आवाज आला, रोजचा, करकरीत.

"अगं ए सूनबाय. मगापासनं दारामागं उभी राहून आयकतेस ती. चुलीवरलं दूध उतू चाललंय, बघ जरा."

मग एक खोकला, आणि धवल्याची शेवटची ओळ, आणि ते कुत्रं, आणि संपलं.

तुळशीच्या लग्नाला हे ऐकलेले घरचे तेवढे गालात हसले, बाकी सगळ्या मांडवाच्या माना मावशीकडं वळल्या. मी कुठं ऐकलाय तिचा धवला, हे तिनं ज्याला सांगितलं नव्हतं असा एकही माणूस तिथं नव्हता. मावशीनं वाटीत बोटं बुडवली, लेकीच्या दुसऱ्या गालाला हळद लावली, आणि खोक्यांकडं न बघता म्हणाली,

"उतरवलंय, आई."